डाव्या सीटवरचा सुपरवायझर

८ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी ही ताईकडून परत आली, गाडी अंगणात आडवीतिडवी लावली आणि किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवून म्हणाली, "आजपासून मी गाडी चालवणार नाही."

"का?"

"कंटाळा आला."

एकतीस वर्षं चालवून एका संध्याकाळी कंटाळा येतो का? मी खोदून खोदून विचारलं. तर म्हणे, "तुमची बडबड ऐकून ऐकून." आज मी गाडीत नव्हतोच, हे तिच्या लक्षात आणून दिलं. त्यावर म्हणाली, "म्हणून तर फरक कळला."

कृतघ्नपणा म्हणतात तो हा. मी बत्तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर होतो. स्वतः एकही बाटली न उचलता लाखो बाटल्या न फुटता बाहेर काढल्या, त्या केवळ वेळेवर ओरडल्यामुळे. गाडीतही मी डावीकडच्या सीटवर बसून हेच काम केलं. "ब्रेक!", "इंडिकेटर!", "समोर सायकल!" एकतीस वर्षांत हिला एक अपघात झाला नाही, तो कुणामुळे?

लेक दुसऱ्या गावी असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मग विकून टाका गाडी." ही लगेच, "विकूच. यांना या वयात काय जमायचं? साठी बुद्धी नाठी."

मी त्रेसष्टचा आहे. डोकं फिरलं. म्हणालो, "जूनअखेर लायसन्स काढून दाखवतो."

"आणि नाही निघालं तर?"

"तर विकू."

"मग माझे गुरुवार बंद," असं ती म्हणाली, पण हळूच, स्वतःशीच.

गुरुवार म्हणजे ताई. ताई ही हिची थोरली बहीण, बावीस किलोमीटरवर जुन्या खाणीपलीकडे दोन मांजरांबरोबर एकटी राहते. तिकडे बस जात नाही आणि खडीचा रस्ता बघून टॅक्सीवाले नाही म्हणतात. फोनचा उपयोग नाही, कारण ताईचे कान गेलेत. दर गुरुवारी दोघी बहिणी रमी खेळतात आणि एकमेकींना फसवतात. आता महिन्यातून एकदा लेक येईल तेव्हाच जायचं.

१९ जानेवारी, सोमवार

लर्निंग लायसन्ससाठी नियमांचं पुस्तक आणलं. ही म्हणाली, "मोठ्याने वाचा, म्हणजे लक्षात राहील." मी प्रश्न वाचायचा आणि हिने विणकाम करता करता उत्तर द्यायचं, असा क्रम झाला. हिला सगळं तोंडपाठ आहे. पेपरसुद्धा हल्ली ती माझ्याकडूनच वाचून घेते. म्हणते, "तुमचा आवाज चांगला आहे." लग्नानंतर छत्तीस वर्षांनी का होईना, लक्षात आलं.

१ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी लेखी परीक्षा झाली. पास. पंचवीसपैकी चोवीस. चुकलेला प्रश्न चुकीचा छापलेला असणार.

या वहीविषयी एक गोष्ट लिहून ठेवतो. मी ती कपाटात स्वेटरच्या खाली लपवतो आणि ही ती चोरून वाचते. वाचते हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तिला माहीत आहे, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही छापखान्यात प्रूफं तपासायची. जित्याची खोड. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवते, "खोटं." गेल्या वर्षीच्या वहीत असे एकेचाळीस "खोटं" होते.

या वर्षी महिना उलटला तरी एकही नाही. म्हणजे मी खरं लिहायला लागलो आहे. उतारवयात स्वभाव सुधारतो तो असा.

९ फेब्रुवारी, सोमवार

गाडी शिकायला सुरुवात. शिकवणाऱ्या बाईंनी अठरा वर्षं दुधाचा टँकर चालवला आहे. तोंडात कायम लवंग. मला "काका" म्हणतात, त्या स्वतः पंचावन्नच्या असाव्यात. त्यांच्या पायाशीही एक जादा ब्रेक आहे, पण माझ्या बाबतीत त्याची गरज पडणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं.

गाडी चालवणं अतिशय सोपं आहे. समोर म्हैस आली. मी "ब्रेक!" म्हणालो. गाडी थांबली. चौकात लाल दिवा लागला. मी "ब्रेक!" म्हणालो. गाडी थांबली. एकतीस वर्षं हिने या कामाचा किती बाऊ केला होता!

उतरताना बाई घाम पुसत होत्या. फेब्रुवारीत एवढा घाम बरा नव्हे. मी त्यांना रक्तदाब तपासायला सांगितलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हिचा राग अजून गेलेला नाही. आज चहा ओतताना कप भरला तरी ओततच राहिली, बशी भरली, टेबलावर ओहोळ. मी ओरडल्यावर थांबली. काल माझ्या एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा. जोडी करून हिनेच ठेवली होती. शिकवणीच्या बाईंसमोर माझं हसं व्हावं म्हणून. मी काही बोललो नाही. आपण मोठेपणा घ्यावा.

५ मार्च, गुरुवार

लेक आली होती, तिने ताईकडे नेलं. ही सलग सहा डाव हरली. ताई एवढी खूश की मांजरांना दोनदा दूध दिलं. मी हिच्या मागे बसलो होतो. डाव जुळवणारी राणी हातात आली, तीही टाकली. परतताना मी म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणाली, "ताईला जिंकू द्यावं कधीतरी." ही आणि असलं काही करणार? कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा आपल्या गाडीवर सराव. मी उजवीकडे, ही डावीकडे. अंगणातून फाटकाकडे निघालो. सगळं नियमाप्रमाणे. फाटकाचा खांब जवळ आला तसा मी स्पष्ट, खणखणीत आवाजात "ब्रेक!" म्हणालो.

गाडी थांबली नाही.

मी पुन्हा, आणखी मोठ्याने "ब्रेक!" म्हणालो. डावा पायही जोरात दाबला, जसा एकतीस वर्षं दाबत आलो. मग खांब आला.

पुढचा दिवा फुटला आणि खांब वाकडा झाला. ही एवढी हसली, एवढी हसली की डोळ्यांतून पाणी. "अहो, ब्रेक कुणाला सांगत होतात?"

नोंद म्हणून लिहितो: खांब हिच्यामुळे ठोकला गेला. मी दोनदा सूचना दिली होती. खांब जवळ आलेला तिलाही दिसला असेलच की.

२६ मार्च, गुरुवार

ही दुपारभर पत्त्यांचा जोड मांडीवर घेऊन खिडकीत बसून होती. पिसत होती, नुसती पिसत होती. मला फार वाईट वाटलं. हे तिला सांगितलेलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

लायसन्सच्या ऑफिसात परीक्षा झाली. नापास.

परीक्षक म्हणजे एक सुतकी चेहऱ्याचा माणूस, मांडीवर फॉर्मची पाटी. मी आरसे नीट केले, पट्टा लावला, इंडिकेटर दिला. शाळेसमोरच्या पट्ट्यांवर एक आजीबाई पाऊल टाकणार, तेवढ्यात मी "ब्रेक!" म्हणालो. परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पायाशी ब्रेक आहे, नाही असं नाही. शेवटी त्यानेच दाबला. आजीबाईंनी काठी बॉनेटवर आपटली.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी तुम्ही चालवताय की मी?"

मी त्याला समजावून सांगितलं की सूचना वेळेवर दिली होती, अंमलबजावणीत उशीर झाला. त्याने काहीतरी लांबलचक लिहिलं.

घरी आलो. वाटलं ही टोमणे मारेल. ती विचारत राहिली, "पुन्हा कधी बसता येतं परीक्षेला? किती दिवसांनी?" तारीख दोनदा विचारली. पुढची तारीख २८ मे. तेव्हाही नापास झालो तर जूनअखेर तिसरी मिळणं कठीण. तिने मान हलवली आणि आत गेली. तिचे टोमणे परवडतात, हे नाही परवडत.

२० एप्रिल, सोमवार

शिकवणीच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या गाडी बाजूला घेऊन एवढ्या हसल्या की लवंग ठसक्यात गेली. म्हणाल्या, "काका, अडीच महिने तुम्ही म्हणताय आणि मी दाबतेय! मला वाटलं तुम्ही मला सावध करता आणि स्वतःही दाबता. माझ्या पोटऱ्या बघा कशा झाल्यात."

मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "घोट घ्या. गिळायचं नाही. तोंडात धरायचं आणि गाडी चालवायची."

तोंडात पाणी घेऊन पहिल्याच चौकात मी "ब्रेक!" म्हणालो. म्हणजे समोरची काच आतून धुतली गेली. दुसऱ्या चौकात शर्ट. बाईंनी टॉवेल आणलाच होता. त्यांना माणसांची पारख आहे.

११ मे, सोमवार

आज सबंध तास पाणी तोंडात राहिलं! ओरडता येत नाही म्हटल्यावर काय करावं ते कळेना, तेव्हा पाय आपोआप ब्रेकच्या पेडलवर गेला आणि गाडी थांबली. कुणीही न सांगता. विलक्षण वाटलं. बत्तीस वर्षांत मी पहिलीच बाटली स्वतः उचलली, असं बाईंना म्हणणार होतो, पण तोंडात पाणी होतं.

२८ मे, गुरुवार

पास! पास! पास!

तोच परीक्षक. मी बाहेरच घोट भरून घेतला आणि गाडीत बसलो. त्याने नाव विचारलं, मी फॉर्मवर बोट ठेवलं. वय विचारलं, बोट ठेवलं. त्याला वाटलं मी मागचा राग धरून अबोला धरला आहे. वीस मिनिटं गाडी उत्तम चालवली. म्हैस, रिव्हर्स, चढण, सगळं. शेवटी तो म्हणाला, "साहेब, एवढा बदल? अभिनंदन." मी गिळलं आणि म्हणालो, "आभारी आहे." ते पाणी आता कोमट झालं होतं.

हिला सांगितलं. हिने माझ्या हातातून लायसन्स घेतलं, पाहिलंही नाही, नुसता अंगठा त्याच्यावर फिरवत राहिली. "फोटो कसा आलाय?" मी विचारलं. म्हणाली, "छान." फोटोत माझे गाल फुगलेले आहेत, कारण तेव्हाही मी चूळ धरून होतो. असा फोटो बघून ही हसली नाही म्हणजे नवलच.

पहिलं वर्ष कसोटीचं असतं. नियम मोडल्याच्या तीन नोंदी झाल्या की लायसन्स परत घेतात.

४ जून, गुरुवार

सविस्तर लिहितो.

सकाळी हिला घेऊन ताईकडे निघालो. तोंडात पाणी. बावीस किलोमीटर मी गप्प, ही गप्प. तिला तिथे सोडलं. दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मांजरांचं दूध आणायला गावाकडे परत फिरलो.

खाणीच्या वळणापुढे मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिकच्या बाईंनी हात केला. माझ्यामागे तेवीस गाड्या साठल्या होत्या. "काका, वेग बघा की. सतरा! मागे वरात निघालीय तुमची. कागद दाखवा."

कागद समोरच्या कप्प्यात. तो कप्पा हिचा. एकतीस वर्षांत मी तो कधी उघडला नाही, समोर लक्ष ठेवायचं असे. उघडला. गाडीच्या कागदांबरोबर एक लिफाफा आला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा. तारीख गेल्या डिसेंबरची. वर हिचं नाव. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, कडेचं दिसेल, मधलं परत येणार नाही, वाचन होणार नाही, वाहन चालवू नये. मागे हिच्या लायसन्सची पावती होती, जानेवारीत स्वतःहून जमा केल्याची.

मी ते तीनदा वाचलं. चहाची बशी. मोजे. राणी. माझा चांगला आवाज. मला सगळ्याची एकदम लाज वाटली. आंधळा मी होतो.

ट्रॅफिकच्या बाई खिडकीत वाकल्या. "अहो काका, रडता कशाला? एकच नोंद आहे, अजून दोन शिल्लक आहेत."

परत गेलो. दोघींचा डाव रंगला होता. ताई हिच्या हातातले पत्ते सरळ मान वळवून बघत होती आणि ही उगाच पत्ते छातीशी धरत होती. मी दारात उभा राहिलो. ताईने माझा चेहरा पाहिला, उठून आली आणि हिला कळू नये म्हणून माझ्या कानाशी कुजबुजली. पण ताईला ऐकू येत नाही, तेव्हा तिची कुजबुज म्हणजे पार खाणीपर्यंत:

"पाहुणे! कळलं वाटतं तुम्हाला!"

मांजरं पळाली. हिने पत्ते खाली ठेवले.

मग ही म्हणाली, "आठ जानेवारीला खाणीच्या वळणावर एक सायकलवाला मला दिसलाच नाही. त्याने शिवी दिली तेव्हा कळलं तो होता. डॉक्टरांनी सांगूनही महिनाभर चालवत होते मी. चुकलं माझं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? पायरी आली, उंबरा आला, कप भरला, असं दिवसभर. मला सुपरवायझर नको होता. मला ड्रायव्हर हवा होता." मग जरा थांबून, "आणि तुम्हाला शिका म्हटलं असतं तर तुम्ही शिकला नसतात. जमायचं नाही म्हटलं, म्हणून शिकलात."

नाकाला मिरची लावून मला पाच महिने पळवलं या बाईने. ताईला काही ऐकू आलं नव्हतं, ती फक्त विचारत होती, "डाव पुरा करायचा की नाही?"

पुरा केला. हिचे पत्ते मी तिच्या कानात सांगितले. ताई हरली आणि म्हणाली, "हा अन्याय आहे."

परतताना मी पाणी घेतलं नाही, तरी गप्प होतो. खाणीचं वळण गेलं आणि ही म्हणाली, "अहो, असे गप्प का? बोला की."

"काय बोलू?"

"जे आयुष्यभर बोलत आलात ते. समोर काय आहे ते सांगा."

मग मी सांगितलं. समोर ट्रॅक्टर, त्यावर गवत, गवतावर एक बाई झोपलीय. डावीकडे पिवळ्या फुलांचं झाड. सायकल, त्यावर पाठमोरा मास्तरासारखा माणूस. पुढे चौक, लाल दिवा. "ब्रेक," मी म्हणालो, आणि दाबला.

"आता जमलं," ही म्हणाली.

७ जून, रविवार

फाटकाचा खांब सरळ करून घेतला. दुपारी स्वेटरखालून वही काढली आणि हिच्यासमोर ठेवली. म्हणालो, "या वर्षी तपासायची राहिलीय."

ही लाजली. छत्तीस वर्षांत आम्ही हा विषय काढला नव्हता.

पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत गेलो. बाईंना रक्तदाब तपासायला सांगितलं तिथे तिने उशी तोंडाशी धरली. "स्वभाव सुधारतो तो असा" इथे म्हणाली, "खोटं लिहा." लिहिलं. "मोठेपणा घ्यावा", "खोटं लिहा." तेही लिहिलं. मग २२ मार्च आला. "खांब हिच्यामुळे ठोकला गेला," मी वाचलं.

"पेन्सिल इकडे द्या," ही म्हणाली. "हे मी स्वतः लिहिणार."

दिली. हिने वहीची कड चाचपली, समास शोधला, अंगठ्याने ओळी मोजल्या आणि सावकाश लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे, छापल्यासारखं. पण बोट एक नोंद खाली घसरलं होतं. "खोटं" पडलं ते २६ मार्चच्या समोर, जिथे मला फार वाईट वाटलं असं मी लिहिलं आहे. साऱ्या वहीत तेवढं एक वाक्य नेमकं खरं होतं.

"बरोबर जागेवर पडलं का हो?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

पेन्सिल अजून तिच्याकडेच आहे, म्हणून वरच्या "अगदी बरोबर"च्या समासात मीच पेनाने लिहून ठेवतो: खोटं.